हेडलाइटमधलं पाणी आधी मोजा

वळवाची एक सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरातल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन-तीन गाड्यांच्या हेडलाइटच्या काचा आतून पांढरट दिसतातच. शेजारचा कुणीतरी लगेच सांगतो, "चारी बाजूंनी सिलिकॉन मारून टाका, विषय संपला." विषय तिथंच सुरू होतो. लाइट सर्दावायची कारणं दोन: एक तर त्याचा श्वास अडलेला असतो, नाहीतर त्याला गळती लागलेली असते. पहिल्यात भोक मोकळं करायचं असतं, दुसऱ्यात बुजवायचं. कुठलं भोक कुठल्या कारणाचं हे न बघता सिलिकॉनची नळी हातात घेतली, तर होता तो श्वासही बंद होतो आणि आत गेलेलं पाणी आतच मुक्काम करतं.

हेडलाइट हवाबंद असतो हा समजच चुकीचा आहे. तो मुद्दाम तसा केलेला नसतो. आतली जागा साधारण १० लिटर धरा. डिपर, म्हणजे रोजचा खाली पडणारा प्रकाश, लावल्यावर आतली हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर ती एक दशांशानं फुगते, म्हणजे जवळजवळ लिटरभर हवा बाहेर पडते. लाइट बंद करून गाडी थंड झाली की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. ही ये-जा व्हायला वाट ठेवली नाही तर दाबानं काचेचा सांधा हळूहळू उलतो. म्हणून लाइटच्या मागच्या बाजूला ब्रीदर असतात. कुठे रबराची वाकडी नळी, कुठे आत स्पंज बसवलेली टोपी, नव्या गाड्यांत रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान पांढरी-काळी चिकटपट्टी. त्या पट्टीतून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. बहुतेक लाइटना असे दोन ब्रीदर असतात, एक खाली आणि एक वर, हवा फिरावी म्हणून.

आता पाणी मोजायचं म्हणजे काय ते सांगतो. ३० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये फार तर ३० ग्रॅम पाणी धरते. म्हणजे आपल्या १० लिटरच्या लाइटमधल्या हवेत सगळं मिळून ०.३ ग्रॅम, मोजून पाच-सहा थेंब. ते पूर्ण काचेवर पसरले तरी नुसती धुरकट झाक दिसते. त्यामुळे काचेच्या तळाशी तीर्थाची एक पळी भरेल एवढं पाणी हलताना दिसत असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. ते कुठून तरी सरळ आत शिरलंय. काचेवर ओघळ उतरले असतील, ओघळाबरोबर मातीची रेघ असेल, तर शंकाच नको.

झाक असेल तर एक साधी चाचणी करा. इंजिन चालू ठेवून डिपर लावा आणि अर्धा तास थांबा. इंजिन चालूच हवं, कारण ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात पाव खाली होते. अर्ध्या तासात बल्बच्या समोरचा भाग आधी साफ होतो, मग कडा. तेवढ्यात झाक निघायला लागली आणि गाडी थोडी फिरवल्यावर गेली, तर काहीही करू नका. गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही अशी झाक नेहमीची म्हणून लिहिलेली असते. दोन्ही लाइट सारखेच धुरकटत असतील तर ते हवेचं काम. एकच धुरकटत असेल तर तो लाइट संशयित. पाऊस नाही, धुणं नाही, तरी जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांतल्या थंडीत पहाटे झाक येते आणि दुपारी जाते, हाही श्वासच. दुपारी तापलेल्या लाइटवर बोअरचं गार पाणी ओतलं की झाक येणारच, त्याला लाइटचा इलाज नाही, सावलीत गाडी धुवायची सवय हाच इलाज.

एलईडी लाइटवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. हॅलोजन बल्ब पुढच्या काचेला शेकतो, एलईडीची उष्णता मागच्या हीट-सिंकमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यात, जाते आणि काच गारच राहते. त्यामुळे एलईडीची झाक निघायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यावरून लाइट खराब ठरत नाही. मात्र हॅलोजनच्या जागी बाजारातला पंखावाला एलईडी बल्ब बसवला असेल तर आधी मागे बघा. त्या पंख्यावरून बल्बमागचा रबराचा बूट, म्हणजे झाकण, नीट बसत नाही, मग बसवणारा बूट मधोमध कापतो किंवा काढूनच टाकतो. सोलापुरात सर्दावलेल्या जुन्या हॅचबॅकचं बॉनेट उघडलं की बूट गायब, हे दृश्य नेहमीचं.

तपासणी मागूनच सुरू करायची, कारण बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो. एच-४ बल्बच्या मागे रबराचा बूट असतो. त्याच्या मधल्या भोकातून बल्बच्या तीन पत्त्या बाहेर येतात. ते भोक बल्बच्या बुडाला घट्ट बसलं पाहिजे, आणि बाहेरची ओठासारखी कड लाइटच्या गोल काठावर सगळीकडून चढली पाहिजे. बऱ्याच बुटांवर 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ती बाजू वर. उलटा बसवला तर निचऱ्याची खाच वर येते आणि बॉनेटच्या फटीतून गळणारं पाणी आत घेते. इथल्या एप्रिल-मेच्या ४२ अंशांत, त्यात इंजिनशेजारी, हे रबर काही वर्षांत पापडासारखं होतं. बूट काढून बोटांत दुमडा. कडेला बारीक चिरा दिसल्या की बदला, त्याला ग्रीस-बीस लावत बसू नका. बूट घेताना लाइटच्या मॉडेलचाच घ्या, 'सगळ्याला बसतो' म्हणणारा बूट कशालाच नीट बसत नाही.

फिरकीच्या टोपणाचे लाइट असतील तर टोपणातली रबरी रिंग बघा. ती चपटी होऊन चमकायला लागली असेल किंवा तिच्यावर धुळीचा थर असेल तर सील होत नाही. पार्किंगच्या बल्बचं होल्डर, इंडिकेटरचं होल्डर आणि लाइट वर-खाली करणारी लेव्हलिंग मोटर, या तिघांनाही अशीच रिंग असते आणि ती कुणी बघत नाही. बल्ब बदलताना होल्डर अर्धंच फिरवून सोडलेलं असतं, आणि रस्त्यावरच्या गतिरोधकांवर ते आणखी ढिलं होतं.

मग ब्रीदर. नळी काढून उजेडात धरा. आपल्याकडे पाऊस कमी आणि धूळ जास्त, त्यामुळे स्पंज चिखलानं घट्ट झालेला असतो. कधी नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं, ते टाचणीनं नाही, तर नळी कोमट पाण्यात भिजवून काढा. स्पंज धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. पट्टीचा ब्रीदर असेल तर त्यावर मऊ ब्रश फिरवा, बस. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तिथे मारली की पट्टी फाटते, आणि फाटली तर तशीच नवीन पट्टी लावायची, सेलोटेप नाही. ब्रीदरच्या नळीचं तोंड खाली असतं, बंपर काढून बसवताना ते वर वळलं तर नळी नाही, नरसाळं होतं.

इथवर काही सापडलं नाही तर लाइट खाली काढावा लागतो. निगेटिव्ह टर्मिनल काढा. बहुतेक छोट्या गाड्यांत वरून दहाच्या गोटीचे दोन बोल्ट दिसतात, पण तिसरा बंपरच्या आड असतो, त्यामुळे बंपर निदान एका बाजूनं सैल करावा लागतो. इथे ओढाताण करू नका. लाइटचे कान, म्हणजे बोल्ट बसतो ते प्लॅस्टिकचे पंजे, तुटले की गाडी चालताना लाइट थरथरतो आणि सांधा त्या थरथरीनंच उघडतो. पांढऱ्या प्रकाशाचे एचआयडी (झेनॉन) लाइट असतील तर चालू लाइटच्या वायरिंगला अजिबात हात नको, पेटताना तिथे हजारो व्होल्ट असतात.

टेबलावर जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून अंथरा आणि लाइट काच खाली करून ठेवा. टॉवेल नको, त्याचे तंतू आत जातात आणि रिफ्लेक्टरवर बसले की निघत नाहीत. बल्ब आणि होल्डर काढा, हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटनं पुसा, नाहीतर बोटाच्या तेलाचा डाग तापून बल्ब लवकर जातो.

गळती शोधायचा सोपा मार्ग असा. बल्बची सगळी भोकं त्यांच्या टोपणांनी बंद करा, एक ब्रीदर सोडून बाकीचे बोटानं दाबा, आणि उरलेल्या ब्रीदरला नळी लावून तोंडानं फुंका. दुसऱ्या माणसानं साबणाचं पाणी ब्रशनं सांध्यावर फिरवायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे मार्करनं खूण. पंप लावू नका, तोंडाच्या फुंकीपेक्षा जास्त दाब दिला तर धड असलेला सांधाही उघडतो. जोडीला, अंधाऱ्या खोलीत बल्बच्या भोकातून छोटी टॉर्च आत धरून सांध्याभोवती बघा, मागच्या काळ्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर असेल तर उजेडाची रेघ दिसते. चिरा बहुतेक कानांच्या मुळाशी आणि काचेच्या खालच्या कडेला असतात. उसाच्या ट्रॉल्यांमागं हायवेवर गाडी चालवणाऱ्यांच्या काचेवर दगडाचे टिचके असतात, ते नखानं चाचपून बघा. टिचका आरपार नसेल तर पाणी तिथून येत नाही.

आता वाळवणं. आधी बल्बचं भोक खाली करून लाइट तिरपा-तिरपा करत सगळं पाणी गाळा. आत चिखल गेला असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा. पाव लिटर आत घालून हळू खळबळा, ओतून द्या, पुन्हा एकदा तेच. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, आपल्या भागातलं पाणी जड, ते वाळलं की रिफ्लेक्टरवर क्षारांचे पांढरे टिपके राहतात आणि ते काढता येत नाहीत. रिफ्लेक्टर म्हणजे प्लॅस्टिकवर चढवलेला ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर. त्याला कापड, कापूस, बोट, काही लावायचं नाही. पुसलं की डागाबरोबर चमकही कापडावर येते. आणि ज्या लाइटमध्ये एलईडीचं सर्किट आत बसवलेलं आहे, त्यात पाणी घालून खळबळायचं नाही, तो नुसता वाळवायचा.

वाळवायला सोलापूरचं ऊन आहेच, पण इथेही एक मेख आहे. प्रोजेक्टरचा लाइट काच वर करून उन्हात ठेवला तर आतलं भिंग ऊन एका जागी गोळा करतं आणि शेजारचं काळं प्लॅस्टिक वितळवतं. म्हणून काच खाली, मागची भोकं वर, आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून सुती फडकं. घाई असेल तर हेअर ड्रायर मध्यम गरम ठेवून वीतभर अंतरावरून एका भोकातून १५ मिनिटं हवा सोडा, दुसरं भोक उघडं हवं, नाहीतर तीच दमट हवा आत फिरत राहते. नंतर ५० ग्रॅम सिलिका जेल पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून बल्बच्या भोकात रात्रभर अडकवा, बाकी भोकं बंद. निळ्या किंवा केशरी रंगाचे दाणे घ्या, रंग बदलला की ते भरले असं कळतं. तव्यावर नाही, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. पुरचुंडी कायमची आत सोडून देणारे हुशार लोक भेटतात. भरलेलं सिलिका गरम झालं की पाणी परत सोडतं, आणि बल्बजवळ सरकलं तर कापड जळतं.

सांधा. बहुतेक जुन्या लाइटमध्ये काच आणि मागचा डबा ब्यूटाइलनं जोडलेले असतात. गाडीच्या दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याला काळा चिकट दोरा लावलेला असतो ना, तीच जात. गरम केला की मऊ होतो आणि थंड झाला की परत धरतो, हीच त्याची मजा. फुंकीच्या चाचणीत एकाच जागी बुडबुडे आले तर पूर्ण लाइट उघडायची गरज नाही. त्या जागेवर हॉट एअर गन फिरती ठेवून सांधा ८०-९० अंशांपर्यंत तापवा. हाताला चटका बसेल पण प्लॅस्टिक चमकायला लागणार नाही, इतपत. एका जागी गन धरली की काचेच्या कडेवर लाटा येतात. मऊ झालं की दोन क्लॅम्पनं, खाली रबराचा तुकडा ठेवून, काच डब्यात दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत, निदान तासभर, तसंच ठेवा. ब्यूटाइल कमी पडतंय असं दिसलं तर नवा दोरा त्या खाचेत भरून मग तापवा. पुन्हा फुंकून बघा. दहातल्या बऱ्याच लाइटचं काम इथंच होतं.

पूर्ण उघडायचा झाला तर काचेभोवतीचे स्क्रू आणि क्लिप आधी काढा, एक स्क्रू हमखास विसरतो आणि काच तिथंच तडकते. नवीन दोरा घेताना सुतळीनं खाचेचा पूर्ण परीघ मोजा आणि वीतभर जास्त घ्या. दोऱ्याची दोन टोकं वरच्या कडेला नको, खालच्या बाजूला एकमेकांवर बोटभर चढवा. काही नव्या लाइटमध्ये ब्यूटाइलऐवजी कडक होणारा डिंक असतो. तापवून तो मऊ होत नाही. १५ मिनिटं गन फिरवूनही सांधा दगडासारखाच असेल तर थांबा, तो लाइट उघडायचा नसतो.

सिलिकॉनवर माझा राग उगाच नाही. लाइटचा मागचा डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याला सिलिकॉन मनापासून धरत नाही. बाहेरून लावलेली पट्टी दोन महिन्यांत सालीसारखी निघते, पण तोवर निचऱ्याच्या जागा बंद झालेल्या असतात. त्यातही दुकानात स्वस्तात मिळतं ते व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं. त्याचा वाफारा आत शिरला की रिफ्लेक्टरची चमक मरते. लावायचंच असेल तर बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन घ्या, तेही काचेच्या बाजूच्या टिचक्यासारख्या किरकोळ जागी, स्पिरिटनं पुसून, आणि २४ तास बल्बची भोकं उघडी ठेवून. फेविक्विकसारखा गोंद तर लाइटच्या आसपासही नको, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी होते आणि ती झाक कुठल्याच उन्हानं जात नाही. विंडशील्ड बसवायचा काळा पीयू गोंद धरतो खरा, पण नंतर लाइट उघडायचा रस्ता बंद. पेट्रोल आणि थिनरनं काच पुसू नका. ती काच नाहीच, पॉलिकार्बोनेट आहे, आणि थिनरनं त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. डब्याला चीर असेल तर ती सोल्डरिंग आयर्ननं त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून भरतात. बंपर दुरुस्त करणाऱ्यांना हे काम रोजचं.

"खाली दोन मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी आपोआप गळेल" हाही एक सल्ला. मुंबईत त्याचा कुणाला उपयोग होत असेल तर होवो, पण सोलापूरच्या धुळीत त्या भोकातून वर्षभरात इतकी माती आत जाते की रिफ्लेक्टर पिवळा पडतो आणि मग लाइटच बदलावा लागतो.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काही करू नका. झाक दिसली की वेळेसकट फोटो काढा, डिपर लावून अर्ध्या तासानं दुसरा फोटो, आणि थेंब किंवा साचलेलं पाणी दिसत असेल तर त्याचा व्हिडिओ. सर्व्हिस सेंटरवाले "नॉर्मल आहे" म्हणतात तेव्हा नुसती झाक आणि थेंब यातला फरक त्या फोटोंवरून दाखवता येतो. सांध्यावर तुमच्या हातचा गोंद दिसला तर दावा गेला.

लाइट परत बसवताना कपलर, म्हणजे वायरचा जोड, 'टक्' आवाज होईपर्यंत दाबा आणि वायर अशी ठेवा की कपलरपर्यंत येताना ती आधी खाली वळून मग वर जाईल, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळणातूनच टपकतं. मग चाचणी: २० मिनिटं डिपर, लगेच साध्या पाइपनं, प्रेशर गन न लावता, खालून वर अशी एकेका बाजूला दोन-दोन मिनिटं धार. काच आतून कोरडी राहिली तर काम झालं. एखाद्या बाजूला धार लावल्यावरच थेंब दिसला तर चोर त्याच बाजूला आहे, बाकी लाइट उकरायची गरज नाही. वॉशिंग सेंटरला गेल्यावरही सांगून ठेवा की गन काचेच्या कडेवर आणि बॉनेटच्या फटीत सरळ मारू नका.

लाइट काढून बसवला म्हणजे त्याचा नेम हललेला असतो. टायरची हवा बरोबर करून गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, चालकाच्या जागी एक माणूस बसवा, लेव्हलिंगचं चाक शून्यावर. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनं रेघ मारा आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरच्या प्रकाशाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी, आणि डावीकडे ती थोडी वर चढलेली हवी. मागच्या स्क्रूनं, पाव-पाव फेरा फिरवत, ती आणा. दोन्ही लाइट एकदम लावून नाही, एकावर चादर टाकून दुसरा.